मोटार कुणी जाळली?

हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आले की नांदेड-लातूरकडच्या तालुक्याच्या गावांत रिवायंडिंगची दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू असतात. दारात जळालेल्या मोटारी ओळीनं पडलेल्या असतात. आत काळी पडलेली तांब्याची तार उपसायची, नवी गुंडाळायची, वॉर्निश लावायचं, हे काम अखंड सुरू असतं. मोटार घेऊन आलेला शेतकरी म्हणतो, लाइनीत दाब नव्हता. लाइनमन म्हणतो, यानं ऑटोस्विच बसवला होता. विकणारा दुकानदार म्हणतो, बोअरचं पाणी खाली गेलं आणि मोटार कोरडी चालली. कंपनीचा माणूस आलाच तर जोडणी चुकल्याचं कागदावर लिहून जातो. चौघांच्याही बोलण्यात थोडंफार तथ्य असू शकतं. पैसे मात्र पहिल्याच्याच खिशातून जातात.

घरातल्या किंवा रानातल्या यंत्रानं दगा दिला तर दोष बनवणाऱ्याचा, विकणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, हे ठरवण्याची रीत आपल्याकडं गेल्या चाळीस वर्षांत हळूहळू घडत गेली. तो इतिहास सांगायला हवा, कारण त्याच्याविषयी एक चुकीचा समज घट्ट बसला आहे. ग्राहक कायदा आला आणि लोक ऊठसूट दावे ठोकू लागले, स्वतःच्या निष्काळजीपणाचं बिल कंपनीच्या नावावर फाडू लागले, असं व्यापारीच काय, शिकलेली माणसंही बोलतात. पुराव्यादाखल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांतल्या कित्येक घडलेल्याच नसतात. २००९ साली एक बातमी जगभर फिरली. अंगावर वर्षानुवर्षं सुगंधी फवारा मारूनही एकही मुलगी जवळ फिरकली नाही म्हणून एका भारतीय तरुणानं कंपनीला कोर्टात खेचलं, अशी ती बातमी. 'फेकिंग न्यूज' या विनोदी लेखन करणाऱ्यांनी ती रचली होती आणि बाहेरच्या देशांतल्या वृत्तपत्रांनी खरी म्हणून छापली. भिजलेलं कुत्रं मायक्रोवेव्हमध्ये वाळवणारी बाई, गाडीचा वेग यंत्रावर सोपवून मागं कॉफी करायला गेलेला चालक, हे दावेही कल्पनेतलेच.

एक दावा मात्र खरा आहे आणि तोच सगळ्यांत जास्त वाकवून सांगितला जातो. १९९२ मध्ये अमेरिकेत अल्बुकर्की शहरात ७९ वर्षांच्या एका आजींच्या मांडीवर मॅकडोनाल्डची कॉफी सांडली. गाडी उभी होती, आजी शेजारच्या आसनावर बसल्या होत्या. ती कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअस तापवून देण्याचा कंपनीचा नियम होता. कातडी खोलवर जळाली, दुसरीकडची कातडी काढून तिथं लावावी लागली, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. आजींनी खर्चापोटी २० हजार डॉलर मागितले, कंपनीनं ८०० देऊ केले. दावा चालला तेव्हा याआधी भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडं आल्या होत्या, हे पुढं आलं. १९९४ च्या निकालातली लाखो डॉलरची दंडाची रक्कम सगळ्यांना माहीत असते. न्यायाधीशांनी ती पुढं बरीच खाली आणली, हे थोड्यांना माहीत असतं. आणि ज्युरीनं त्या निकालात वीस टक्के दोष आजींचा धरून त्यांच्या भरपाईतून तेवढी रक्कम कापली, हे तर कुणीच सांगत नाही. मला या खटल्यात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. वापरणाऱ्याचा दोष आहे म्हणून बनवणारा सुटत नाही, आणि बनवणाऱ्याचा दोष आहे म्हणून वापरणाऱ्याला माफी मिळत नाही. दोष मोजून वाटता येतो. त्यासाठी कुणीतरी बसून कॉफीचं तापमान मोजावं लागतं, जुन्या तक्रारींची फाइल उघडावी लागते.

आपल्याकडं अडचण नेमकी इथंच होती. मोजणारं आणि फाइल उघडणारं कुणी नव्हतं.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथून हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई, मग १९६० मध्ये महाराष्ट्र. त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झालं आणि पुढच्या वीस वर्षांत विजेचे खांब इथल्या गावांत पोचले. यंत्रं आधी आली, त्यांच्याबद्दल दाद मागायची जागा फार उशिरा आली. १९३० चा मालविक्री कायदा होता, पण त्याचा पाया 'घेणाऱ्यानं पाहून घ्यावं' हाच होता. त्यातल्या अपवादांचा आधार घ्यायचा तर दिवाणी न्यायालयात जावं लागे. वकील, कोर्ट फी, तारखा. पाचशे-हजाराच्या वस्तूसाठी नांदेडच्या कोर्टाची पायरी कोण चढणार? लातूर तर १९८२ पर्यंत जिल्हाही नव्हता. कागदाच्या कामाला उस्मानाबाद गाठावं लागे.

त्या काळात घरातलं सगळ्यांत धोक्याचं यंत्र होतं पंपाचा रॉकेल स्टोव्ह. त्याच्याविषयी लिहिताना हात जड होतो. 'स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली' ही ओळ सत्तर-ऐंशीच्या दशकात महाराष्ट्राच्या सगळ्या भागांतल्या वृत्तपत्रांत इतकी नेहमीची झाली होती की वाचणारा थांबतही नसे. काही वेळा स्टोव्ह खरोखर सदोष असे, नोझल तुंबलेलं असे, रॉकेलमध्ये भेसळ असे. काही वेळा हवा जास्त भरलेली असे किंवा पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतलेलं असे. आणि काही वेळा स्टोव्हचा काहीच संबंध नसे, घरातल्या माणसांनी केलेला खून त्याच्या नावावर खपवला जाई. तिन्ही गोष्टींवर एकच ओळ लिहिली जाई आणि प्रकरण मिटे. या मृत्यूंच्या विरोधात बायकांच्या संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये छळाचं ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ च्या नोव्हेंबरात हुंडाबळीचं ३०४-ब. ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली ती त्यानंतर महिन्याभरानं, २४ डिसेंबर १९८६ ला. हुंडाबळीचा आणि ग्राहकांचा हे दोन कायदे कुणी एकत्र ठेवून पाहत नाही. मला ते शेजारी ठेवावेसे वाटतात. अपघाताला 'अपघात' म्हणून मिटवू नका, आत काय झालं ते तपासा, ही मागणी दोन्हींच्या मुळाशी आहे.

ग्राहक कायद्यामागची खटपट महाराष्ट्रातच जुनी होती. १९६६ मध्ये मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया' काढली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेले बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि तिच्या शाखा पुढं जिल्ह्याजिल्ह्यांत गेल्या. कायदा झाला तेव्हा त्यात सामान्य माणसाच्या सोयीच्या गोष्टी होत्या. सुरुवातीला कोर्ट फी नव्हती, वकील सक्तीचा नव्हता, साध्या कागदावर तक्रार चाले. जिल्हा मंचावर तिघे बसत, त्यांत एक स्त्री असे. एक लाखापर्यंतचे दावे जिल्ह्यातच मिटायचे होते. पण कायदा होणं वेगळं आणि मंचाला खोली, टेबल, कारकून मिळणं वेगळं. राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात मंच उभारावेत म्हणून 'कॉमन कॉज' या संस्थेला सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा लागला.

१९९३ च्या दुरुस्तीनं या गोष्टीला दोन्ही बाजूंनी आकार दिला. जिल्हा मंचाची मर्यादा पाच लाखांवर गेली. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेलं यंत्र 'व्यापारी हेतूचं' धरायचं नाही, असं स्पष्टीकरण आलं. आणि सव्वीसाव्या कलमात, तक्रार निरर्थक किंवा केवळ त्रास देण्यासाठी केलेली आढळली तर ती फेटाळून तक्रारदाराला दहा हजारांपर्यंत खर्चाचा भुर्दंड, ही तरतूद झाली. म्हणजे खोट्या दाव्यांची चिंता कायदा करणाऱ्यांनाही होती. त्यावरचा उपायही त्यांनी कायद्यातच घातला होता. 'ग्राहकांना मोकळं रान मिळालं' म्हणणाऱ्यांनी हे कलम वाचलेलं नसतं.

पोटापाण्याच्या स्पष्टीकरणाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये महाराष्ट्रातल्याच लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात लावला. स्वतः चालवायला रिक्षा घेणारा, दुसऱ्यांचं टंकलेखन करून देण्यासाठी यंत्र घेणारा हे ग्राहक. पण मोठा धंदा म्हणून यंत्र घेणारा ग्राहक नाही. तो उद्योग स्वतः खटला हरला, पण त्याच्या खटल्यानं पिठाच्या गिरणीवाल्याला, शिलाई मशीनवालीला, भाड्यानं जीप चालवणाऱ्याला मंचाचं दार उघडून दिलं. मराठवाड्यासारख्या भागात, जिथं घर आणि धंदा एकाच छपराखाली चालतो, तिथं या निकालाचं महत्त्व फार.

आता मोटारीकडं येऊ.

मंचात मोटारीचा दावा टिकायला अवघड. त्याचं कारण कायद्याइतकंच रानातल्या घाईत आहे. वस्तूतला दोष नुसत्या डोळ्यांनी कळणारा नसेल तर तिचा नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवायचा, असं कायद्याचं तेरावं कलम सांगे. उत्पादनातला दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर आणि त्याला जाणकाराचा अहवाल हवा. पण पीक वाळत असताना जळालेली मोटार मोहोरबंद करून महिनाभर कोण ठेवील? शेतकरी ती त्याच दिवशी रिवायंडिंगला टाकतो. काळी तार उपसली गेली की पुरावाही उपसला जातो. मोटारीची गुंडाळी एकाच फेजवर जळाली, तिन्ही सारख्या जळाल्या की बेअरिंग अडकून जळाली, यावरून कारागीर कारण सांगू शकतो. तो तोंडानं सांगतोही. पण त्या सांगण्याचा कागद होत नाही.

आणि दोष कुणाचा हे पाहायचं तर मोटारीच्या पुढं, डीपीपर्यंत म्हणजे वितरण रोहित्रापर्यंत जावं लागतं. ६३ केव्हीएचा डीपी साधारण पाच अश्वशक्तीच्या डझनभर मोटारी ओढू शकतो. जोडभार तीन अश्वशक्तीचा लिहिलेला आणि बोअरमध्ये मोटार पाचची, असं पुष्कळ ठिकाणी असतं. अश्वशक्तीवर बिल लागतं तिथं हा मोह होतोच. शिवाय तारेवर आकडा टाकून चालणाऱ्या मोटारी असतात, त्या कुठल्याच हिशेबात नसतात. भार वाढला की दाब पडतो. दाब पडला की तेवढंच पाणी उपसण्यासाठी मोटार जास्त प्रवाह खेचते, गुंडाळी तापते, वॉर्निश वितळतं. त्यावर उपाय कॅपॅसिटरचा. तो बसवला की लाइनीवरचा प्रवाह उतरतो, डीपीला श्वास मिळतो. महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे की कॅपॅसिटर बसवा आणि ऑटोस्विच काढा.

ऑटोस्विचचं दुखणं असं. वीज आली की तो आपोआप मोटार सुरू करतो. मोटार सुरू होताना क्षणभर नेहमीच्या सहापट प्रवाह घेते. रात्री वीज आली आणि डीपीवरच्या साऱ्या मोटारी एकाच क्षणाला उठल्या, तर फ्यूज उडतो नाही तर डीपीच जळतो. पण शेतकऱ्यानं तो का बसवला, हे विचारल्याशिवाय त्याला दोषी धरणं अन्यायाचं होईल. वर्षानुवर्षं शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत राहिली. ती येते तेव्हा अंधारात, गवतातून, सापाकिरडाच्या वाटेनं विहिरीवर जायचं आणि ओल्या हातानं स्टार्टर दाबायचा. त्या वाटेवर माणसं गेलेली आहेत. ऑटोस्विच बसवणारा आळशी नसतो, त्याला जिवाची भीती असते. वीज कधी द्यायची हे ठरवणाऱ्यानं त्या भीतीचा वाटा उचलायला हवा. आणि तरीही शेजारच्या अकरा जणांची मोटार त्याच्या ऑटोस्विचमुळं जळते, हेही तेवढंच खरं. त्याची जबाबदारी भीतीमुळं नाहीशी होत नाही. ती त्यानं मान्य करायला हवी, कॅपॅसिटरचे काहीशे रुपये त्यानं वाचवायला नको होते.

डीपी जळाला तर काय? वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या कृतिमानकांत ग्रामीण भागासाठी ४८ तासांची मुदत होती. उशीर झाला तर तासाला ५० रुपये भरपाई. ती मागावी लागे, अर्ज करावा लागे. त्यासाठी वीज कायद्याखाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच वेगळे आहेत. प्रत्यक्षात गावात काय होतं ते सगळे जाणतात. शेतकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर करतात, जळालेला डीपी त्यात चढवून नेतात आणि दुरुस्त झालेला घेऊन येतात. जे काम वीज कंपनीनं करायचं ते स्वतःच्या खर्चानं करतात, आणि भरपाईचा अर्ज मात्र बहुतेक जण करत नाहीत. डीपीवरच्या निम्म्या लोकांच्या मनात आपल्याच जोडभाराची, आकड्याची, ऑटोस्विचची धाकधूक असते. मराठवाड्यात खोट्या दाव्यांपेक्षा हे न केलेले खरे दावे कितीतरी जास्त आहेत असं मी ठामपणे म्हणतो. दोषाचा लहानसा वाटा आपल्याकडं आहे म्हणून माणूस सगळा दोष मुकाट्यानं पत्करतो.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेश वीज महामंडळाच्या खटल्यात ठरवलं की अनधिकृत वापराबद्दल केलेल्या आकारणीविरुद्ध ग्राहक मंचात दाद मागता येणार नाही. आकड्याचा प्रश्न तिथं संपला. २०१८ मध्ये राज्यानं उच्चदाब वितरण प्रणाली आणली. एका किंवा दोन शेतकऱ्यांना स्वतंत्र लहान रोहित्र. या योजनेकडं अभियांत्रिकीची सुधारणा म्हणून पाहिलं गेलं. मला ती जबाबदारीची सुधारणाही वाटते. रोहित्र एकाचंच असेल तर ते जळाल्यावर शेजाऱ्याकडं बोट दाखवता येत नाही, आणि वीज कंपनीलाही 'तुमच्यातल्या कुणीतरी' असं म्हणता येत नाही. ती सगळ्यांपर्यंत पोचली नाही ही खंत आहे. आता सौर पंप येत आहेत, त्यांच्याबरोबर पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा. हमीपत्र सांभाळून ठेवणं हे या भागातल्या शेतीचं एक नवं काम झालं आहे.

दोष कुणाचा या प्रश्नात मोबाइलची गोष्टही थोडक्यात सांगण्यासारखी. २००७ च्या ऑगस्टमध्ये नोकियानं जाहीर केलं की मात्सुशिता कंपनीनं ठरावीक काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी तापू शकतात. जगभरात असे सुमारे शंभर प्रकार कळले होते, गंभीर इजा कुणाला झालेली नव्हती. भारतात त्या वेळी नोकियाचा फोन म्हणजेच मोबाइल. 'बॅटरी फुटते' ही बातमी पसरली आणि दुकानांपुढं गर्दी उसळली. बॅटरीवरचा क्रमांक कळवला की ती त्यातली आहे की नाही ते समजायचं, बदलूनही मिळायची. ज्यांच्याकडं कंपनीची खरी बॅटरी आणि खरं बिल होतं त्यांचं काम होऊन गेलं. पण ग्रामीण महाराष्ट्रात ते दिवस बारा-बारा तासांच्या भारनियमनाचे होते, आणि बाजारात नकली बॅटऱ्या व बिननावाचे चार्जर स्वस्तात मिळत होते. नकली बॅटरी तापली तर तिचा मायबाप कुणीच नसे. मोबाइल, त्याची बॅटरी, चार्जर यांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची झाली ती २०१२ च्या आदेशानं आणि त्यात पुढं पडत गेलेल्या भरीनं. तोपर्यंत स्वस्त चार्जर घेणाऱ्याला 'तूच जपून वापरायचं' एवढंच सांगता येत होतं. बाजारात सुरक्षित वस्तूच नसेल तर जपून वापरण्याला मर्यादा येते.

शेतकऱ्याला पुराव्याच्या कात्रीतून सोडवणारा निकाल शेवटी मोटारीच्या नाही, बियाण्याच्या खटल्यात आला. १६ जानेवारी २०१२ ला राष्ट्रीय बियाणे निगमाचं अपील फेटाळताना न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांच्या खंडपीठानं म्हटलं की शेतकरी ग्राहकच आहे, बियाणे कायदा वेगळा असला तरी त्याला ग्राहक मंचात येता येतं. आणि घेतलेलं सगळं बियाणं तो पेरून टाकतो, प्रयोगशाळेसाठी त्यातलं काढून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून धरता येत नाही. रानातली घाई न्यायालयानं पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे समजून घेतली.

लातूर-नांदेडला त्याचा अर्थ २०२० च्या खरिपात कळला. हे सोयाबीनचं आगर. जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि हजारो हेक्टरवर उगवणच झाली नाही. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी, ऑक्टोबरात, पाऊस झाला होता, बियाण्याचा दाणा भिजला होता. सोयाबीनचं टरफल नाजूक, ओल आणि आदळआपट त्याला सोसत नाही. तक्रारींचा पूर आल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं वृत्तपत्रांतल्या बातम्यांवरून स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली आणि कृषी खात्याला जाब विचारला. कंपन्यांकडून नेहमीचं उत्तर आलं: पेरणी खोल झाली, पुरेशी ओल नव्हती.

हे उत्तर सरसकट खोटं नाही. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राची खोली नीट लावली नाही तर दाणा पाच सेंटिमीटरच्या खाली जातो आणि अंकुर वर येत नाही. तीन-चार सेंटिमीटर पुरे, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी उगवण तपासा, सत्तरच्या खाली कोंब आले तर जपून राहा, हे कृषी विद्यापीठ सांगतच असतं. एका गावात एकाच्याच रानात उगवलं नाही तर पेरणीकडं बोट दाखवता येईल. पण एकाच लॉटची पिशवी दहा गावांत, वेगवेगळ्या ट्रॅक्टरांनी, वेगवेगळ्या जमिनीत पेरली आणि कुठंच उगवली नाही, तर ते उत्तर चालत नाही. हे दोन प्रकार वेगळे काढण्यासाठी तालुक्याची तक्रार निवारण समिती बांधावर येते, पंचनामा करते, पिशवी, टॅग आणि पावती पाहते. मोटारीला जे कधी मिळालं नाही ते इथं मिळालं. जळालेल्या मोटारीसाठी बांधावर कुठलीही समिती येत नाही. ती यायला काय हरकत आहे, हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा पडतो.

२०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्यानं दोषाच्या वाटपाला पहिल्यांदा स्वतंत्र प्रकरण दिलं, उत्पादन दायित्वाचं. त्यातलं सत्याऐंशीवं कलम वापरणाऱ्याची बाजूही तपासतं. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार केलेला असेल तर विक्रेत्यावर दावा नाही. जो धोका उघड आहे, सर्वांना ठाऊक आहे, त्याची सूचना दिली नाही म्हणून उत्पादकाला दोष देता येणार नाही. दारू पिऊन यंत्र हाताळलं तर 'मला सांगितलं नव्हतं' ही सबब नाही. तापलेली इस्त्री हाताला लागली म्हणून कुणी दावा करील आणि लाखो उपटील, ही भीती बाळगणाऱ्यांनी हे कलम भिंतीवर लावावं. त्याच कायद्यात पावती न देणं आणि सदोष माल मुदतीत परत न घेणं या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथा ठरल्या. आणि उत्पादक कोण, याच्या व्याख्येत दुसऱ्यांनी बनवलेले भाग जोडून वस्तू तयार करणाराही आला.

ही व्याख्या नांदेड-लातूरला थेट भिडते ती उन्हाळ्यात. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीच्या वर जातो आणि ज्याला परवडतो तो कूलर घेतो. पुष्कळ कूलर गावातच बनतात. पत्र्याची पेटी स्थानिक कारखान्यातली, पंखा कुठला तरी, पाण्याचा पंप आणखी कुठला तरी, वायर त्याहून स्वस्त. पेटी लोखंडाची, आत पाणी, खाली ओली फरशी, आणि घरातल्या बोर्डाला अर्थिंग असेल याची खात्री नाही. पंपाच्या वायरीचं आवरण फाटलं की सगळ्या पत्र्यात प्रवाह उतरतो. महावितरण दर उन्हाळ्यात सांगतं: पाणी भरण्याआधी प्लग काढा, अनवाणी हात लावू नका, अर्थिंग तपासा, गळती झाली तर वीज तोडणारा ब्रेकर बसवा. तो ब्रेकर ३० मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडतो आणि जीव वाचवतो. तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून तो दोन भोकांच्या बोर्डात घुसवणाऱ्यानं मोठी चूक केलेली असते. ती चूक मी लहान करून दाखवणार नाही. पण वायर नीट न बांधणाऱ्या, अर्थिंगचा स्क्रूच न लावणाऱ्या जोडणी करणाऱ्याचीही चूक असते, आणि नव्या कायद्यानं तो उत्पादक आहे. त्याच्यापर्यंत पोचायचं तर पावती हवी. ती बहुतेकांकडं नसते, कारण कूलर रोख घेतला जातो आणि पावतीसह घ्यायचा तर दर वेगळा लागतो.

कूलरचा धक्का बसून कुणी दगावलं की पोलीस ठाण्यात 'आकस्मिक मृत्यू' अशी नोंद होते, शवविच्छेदनाचा अहवाल येतो, आणि घरचे लोक उत्तरक्रियेला लागतात. कूलर कुणी जोडला, कुठून घेतला, अर्थिंग होतं का, प्लग दोन पिनांचा होता की तीन, वायर कुठं फाटली होती, या पाच गोष्टी त्या पंचनाम्यात लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि कूलर दुरुस्तीला किंवा भंगारात जाण्याआधी विद्युत निरीक्षकानं तो पाहिला पाहिजे. जिल्हा ग्राहक आयोगाकडं (पूर्वीचा जिल्हा मंच) तक्रार करायला दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, अर्ज घरबसल्या ऑनलाइनही भरता येतो. तक्रार करायची की नाही, घरच्यांचा स्वतःचा वाटा किती धरायचा, हे नंतर ठरेल. त्या पाच ओळी मात्र पहिल्याच दिवशी लिहाव्या लागतात.